मनिऑर्डर बंद झाली तेव्हा

1976 साली मी दहावी पास झालो आणि शेतीत उतरलो. पुढे शिकणं झालं नाही. पण वाडीत कागद वाचता येणारा माणूस म्हणून सगळ्यांची पत्रं आणि अर्ज माझ्याकडे यायला लागले, ते आजतागायत येतात. आमच्या माणगाव तालुक्यात सरकारी मदत कशी आली, कुणाला पुरली आणि कुणाला नाही, हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. लोकांचे अर्ज लिहिता लिहिता कळलं.

त्या काळी म्हाताऱ्यांची पेन्शन पोस्टमन आणायचा, पण ती सरकारची नसायची. बहुतेक घरांतला एक तरी गडी मुंबईत गिरणीत. लालबाग-परळच्या चाळीत गावच्या मंडळाची खोली, त्यात वीस-पंचवीस जण पाळीपाळीने झोपायचे. महिन्याच्या दहा-बारा तारखेला मनिऑर्डर यायची. तिच्या खालच्या तुकड्यावर दोन ओळी लिहायला जागा असे. ‘आईच्या गुडघ्याला तेल आणणे. दुकानात उधारी करू नये.’ मी वाचून दाखवायचो आणि म्हातारी पदराने डोळे पुसायची. आमच्याकडे भाताचं एकच पीक. आवणीच्या तोंडावर कणगी रिकामी व्हायची, तेव्हा हेच पैसे घर तारायचे. गिरणीतल्या माणसाला फंड होता, आजारपणात ईएसआयचा दवाखाना होता. गावात राबणाऱ्या त्याच्या आईबापाच्या नावावर मात्र कुठल्याच कचेरीत काही नव्हतं.

जुनं सगळं चांगलं होतं, असं मी म्हणणार नाही. विधवेला खळ्यावर सूपभर भात मिळायचं, पण त्यासाठी पदर पसरावा लागे. ज्याचं मुंबईत कुणी नाही, त्याचं कुणीच नाही. पलीकडच्या कातकरवाडीतली माणसं उचल घेऊन कोळशाच्या नाहीतर विटांच्या भट्टीवर जायची. त्यांच्या म्हाताऱ्यांची मनिऑर्डर मी कधी वाचली नाही, कारण ती कधी आलीच नाही.

आपल्या घटनेच्या 41 व्या कलमात लिहिलंय की बेकारी, म्हातारपण, आजार, अपंगत्व अशा वेळी सरकारने मदतीची तजवीज करावी. मात्र सरकारच्या आर्थिक कुवतीत बसेल तेवढीच, अशी मेखही तिथेच आहे. महाराष्ट्रात 1972 च्या दुष्काळात लोक खडी फोडायला गेले, त्यातून वि. स. पागे यांची रोजगार हमी उभी राहिली आणि 1977 साली तिचा कायदा झाला. पण ती धडधाकट हातांसाठी. ज्यांचे हात थकले त्यांच्यासाठी 1980 साली संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. तेव्हा मुख्यमंत्री होते अ. र. अंतुले, आमच्या शेजारच्या म्हसळा तालुक्यातल्या आंबेतचे. आपला माणूस मुख्यमंत्री झाला म्हणून इकडे कौतुक मोठं. त्यांच्याच कारकिर्दीत कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला.

पाठोपाठ 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पहिले दोन-तीन महिने गावाला वाटलं, मिटेल. मग पोस्टमन नुसताच सायकल हाकत पुढे जायला लागला. चाकरमानी ट्रंका घेऊन परत आले. माझे काका त्यांतलेच. दोन पावसाळे त्यांनी आमच्याबरोबर चिखल तुडवला, पण गिरणीतल्या कापसाने छाती पोखरली होती. 1984 साली गेले. फंडाचे पैसे औषधांत आणि दिवसकार्यात संपले. काकीचं वय तेव्हा पंचेचाळीस असेल. मुलगा अठराचा, मुंबईत मिळेल ते काम करणारा.

मी काकीचा निराधारचा अर्ज लिहायला घेतला. तिने शब्द ऐकला आणि उठूनच उभी राहिली.

“निराधार? माझा पोर जिता हाय. तो जिता असताना मी असं कसं लिवू? नको मला ते पैसं.”

त्या दिवशी मी कागद बाजूला ठेवला. आठवड्याने पुन्हा गेलो आणि अर्ज वाचून दाखवला, पण ‘निराधार’ जिथे जिथे होतं तिथे ‘विधवा’ वाचलं. तिने अंगठा दिला. मंजुरी यायला वर्ष गेलं. पैसे वाटायच्या दिवशी देवळापुढे कुणीतरी मोठ्याने ओरडलं, “निराधारवाल्या बाया इकडे बसा!” काकी गेली, पैसे घेतले, घरी आली. मला एवढंच म्हणाली, “बाबू, तू मला येगळं वाचून दाखवलंस.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. त्या पैशांतून तिने मीठ, रॉकेल आणि सुकट आणली. पुढे काही वर्षांनी मुलगा कमावता झाल्याचं कारण सांगून तिचं नाव कमी झालं. मुलगा कमवत होता खरा, पण त्याचं त्यालाच पुरत नव्हतं. पासष्ट पूर्ण झाल्यावर ती श्रावणबाळ योजनेत बसली. मधली बारा-तेरा वर्षं ती लोकांच्या आवण्या लावत आणि गवत कापत जगली.

आता रकमेकडे बघू. केंद्र सरकारने 15 ऑगस्ट 1995 ला म्हाताऱ्यांसाठी पेन्शन सुरू केली, महिना 75 रुपये. 2006 साली तिचे 200 झाले. ऐंशीच्या आतल्या म्हाताऱ्याला केंद्राचे आजही 200च आहेत. वरची भर राज्य घालतं. राज्याची रक्कम कितीतरी वर्षं 600 होती, 2019 साली 1000 झाली, 2023 साली 1500. सरकारी नोकराला महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढवून मिळतो. म्हातारीला वाढीसाठी दहा-दहा वर्षं वाट बघावी लागते. मीठमिरची मात्र दोघांना एकाच भावाची.

काकी आज पंच्याऐंशीची आहे. पंधराशेत तिच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या, साबण, चहा-साखर भागते. तांदूळ रेशनवर मिळतो. पण पैसे काढायला माणगावला जायचं तर मिनीडोरचं भाडं तिचं आणि सोबत येणाऱ्याचं. उभा जन्म चिखलात गेला, बोटांच्या रेघा झिजल्या, मशीनवर अंगठा उठत नाही. मग दुसऱ्या दिवशी परत फेरा. एक आजारपण आलं की वर्षाचे पैसे चार दिवसांत जातात.

पण माझ्या मते रकमेपेक्षा मोठी गोची पुढे आहे. या योजनेत बसायला कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21 हजारांच्या आत लागतं. म्हणजे महिन्याला 1750, दिवसाला अठ्ठावन्न रुपयेसुद्धा नाहीत, तेही सगळ्या घराचे. आणि सरकारच रोजगार हमीत शंभर दिवस कामाची हमी देत होतं. 2024-25 साली महाराष्ट्रात तिचा रोज होता 297 रुपये. शंभर दिवसांचे झाले 29,700. म्हणजे सरकारने दिलेलं काम सरकारच्या दराने पुरतं केलं, की तो माणूस सरकारच्या हिशेबात गरीब राहत नाही. 2024 साली लाडकी बहीण आली. तिची उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, वय एकवीस ते पासष्ट. मग पासष्ट ओलांडलेल्या बाईला 21 हजारांची वेस कशासाठी? मला याचं उत्तर कुणी दिलेलं नाही.

या वेशीमुळे खोटं बोलणारा आत जातो आणि खरं बोलणारा बाहेर राहतो. आमच्याच पंचक्रोशीत एक विधवा आहे. तिला विचारलं, घरात किती येतं? तिने सुनेची मजुरी, कोंबड्यांची अंडी, सगळं मोजून सांगितलं. छत्तीस हजार झाले. तसाच दाखला निघाला आणि अर्ज फेटाळला गेला. तिच्याहून बऱ्या स्थितीतली दोन घरं अठरा हजाराचा दाखला लावून पैसे घेतात. त्यांचे अर्ज मीच लिहिलेत. एकदा ‘निराधार’चं ‘विधवा’ वाचलं, तेव्हापासून माझ्या पेनाला ही सवय लागली, हे कबूल करायला हवं.

लोक विचारतात, मग ही योजना बंद करावी का? मुळीच नाही. गेल्या गणपतीत काकीने पणतीच्या हातावर पन्नासाची नोट ठेवली, “माझ्या पैशातली हाय,” म्हणाली. चाळीस वर्षांपूर्वी जे पैसे घ्यायला ती तयार नव्हती, ते आज तिचे झालेत. म्हणून मी म्हणतो, रक्कम महागाईबरोबर वाढवा, ठरल्या तारखेला द्या, आणि ती 21 हजारांची वेस आधी पाडा.

परवा ती फेटाळलेली बाई पुन्हा आली. सोबत नवा कोरा फॉर्म. “भाऊ, यंदा उत्पन्न किती लिवायचं?” म्हणाली. मी चष्मा लावला, नाव लिहिलं, गाव लिहिलं, वय लिहिलं. उत्पन्नाचा रकाना तसाच ठेवलाय. फॉर्म अजून माझ्या उशाशी आहे.