ग्राफिक्स कार्ड भाड्याने देऊन उत्पन्न : कर्ज, अनुदान आणि लाभावर होणारा परिणाम (जबलपूर जिल्हा)

थोडक्यात

संगणकातील ग्राफिक्स कार्ड (जीपीयू) रिकामे असताना इंटरनेटवरून दुसऱ्यांना तासाच्या दराने वापरू देता येते. चित्रफितींचे रेंडरिंग, त्रिमितीय आराखडे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामांसाठी त्याची गरज लागते. हा व्यवसाय कायदेशीर आहे. मात्र भाडे फक्त वापरलेल्या तासांचे मिळते. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला भरावाच लागतो. म्हणून कार्ड आधीच असेल तर प्रयोग करून पाहा. केवळ भाड्याच्या आशेवर कर्ज काढण्यापूर्वी पुढील हिशेब मांडा.

हिशेब कसा करावा?

खालील आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. तुमचा दर, वीजबिल आणि हप्ता घालून हाच हिशेब करा.

- कर्ज : २,५०,००० रुपये, ११ टक्के व्याज, ५ वर्षे. मासिक हप्ता सुमारे ५,४३६ रुपये.
- भाडे : ताशी २५ रुपये, रोज ८ तास, म्हणजे महिन्याला ६,००० रुपये.
- मध्यस्थ संकेतस्थळाचे कमिशन २० टक्के : १,२०० रुपये.
- वीज : काम चालू असताना ६०० वॅट, रिकामे असताना १०० वॅट. महिन्याला १९२ युनिट. ८ रुपये दराने १,५३६ रुपये.
- हाती उरले : ३,२६४ रुपये. हप्त्याला २,१७२ रुपये कमी पडतात.

याच दराने हप्ता निघण्यासाठी कार्ड रोज सुमारे साडेबारा तास भाड्याने जायला हवे. यात इंटरनेट, दुरुस्ती आणि जबलपूरच्या एप्रिल-मे महिन्यांतील उन्हाळ्यात खोली थंड ठेवण्याचा खर्च धरलेला नाही.

सरकार माझे कार्ड भाड्याने घेईल का?

नाही. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सुमारे १०,३७२ कोटी रुपयांच्या 'इंडिया-एआय' मिशनला मंजुरी दिली. त्यात नवउद्योग, संशोधक आणि विद्यार्थ्यांना सवलतीत जीपीयू मिळतात. सरकारने जाहीर केलेला सरासरी दर ताशी सुमारे ६५ रुपये आहे. ही यंत्रे निविदेतून निवडलेल्या कंपन्यांच्या डेटा सेंटरमधील, घरगुती कार्डांपेक्षा कितीतरी शक्तिशाली असतात. घरातील एक-दोन कार्डे या योजनेत घेतली जात नाहीत. 'इंडिया-एआयमध्ये तुमचे कार्ड नोंदवून देतो' असे सांगून कोणी शुल्क मागितल्यास देऊ नका.

कोणत्या योजनांतून कर्ज मिळू शकते?

- प्रधानमंत्री मुद्रा योजना : तारणाशिवाय कर्ज. शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत, तरुण गटात १० लाखांपर्यंत. यात अनुदान नाही. पूर्ण रक्कम फेडावी लागते.
- प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम (पीएमईजीपी) : फक्त नव्या उद्योगासाठी. सेवा क्षेत्रात प्रकल्प खर्चाची मर्यादा २० लाख रुपये. अनुदान शहरात १५ ते २५ टक्के, ग्रामीण भागात २५ ते ३५ टक्के. सेवा प्रकल्प ५ लाखांवर असल्यास आठवी उत्तीर्ण असणे आवश्यक.

योजना सध्या सुरू आहे का आणि या कामाला बँक तयार आहे का, याची चौकशी आधी जबलपूरच्या जिल्हा व्यापार व उद्योग केंद्रात करा. उद्यम नोंदणी मोफत आहे.

माझे इतर लाभ बंद होतील का?

मिळालेले भाडे हे उत्पन्न आहे. ते लपवू नका, पण आधी मर्यादा तपासा.

- लाडली बहना योजना : कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २.५ लाख रुपयांपेक्षा जास्त असल्यास किंवा कुटुंबातील कोणी आयकर भरत असल्यास पात्रता राहत नाही.
- पीएम-किसान : मागील कर-निर्धारण वर्षात आयकर भरलेले कुटुंब अपात्र ठरते.
- भाडे क्रिप्टो चलनात मिळाले, तर ते विकताना झालेल्या नफ्यावर ३० टक्के कर लागतो. इथे कमी उत्पन्नाची सूट मिळत नाही. म्हणजे थोड्या नफ्यानेही तुम्ही आयकर भरणारे ठरू शकता. शक्यतो पैसे थेट बँक खात्यात घ्या.

वीजजोडणीचे काय?

घरगुती जोडणीवर व्यवसाय चालवल्यास वीज कंपनी वाढीव दराने वसुली करू शकते. वेगळी जोडणी लागेल का, हे कंपनीच्या कार्यालयात किंवा १९१२ वर विचारा.

फसवणूक कशी ओळखावी?

कार्ड तुमच्या घरात नाही, फक्त ॲपवर पैसे भरायचे आणि रोज ठरलेली रक्कम मिळणार, असे सांगितले तर थांबा. एचपीझेड टोकन या ॲपच्या प्रकरणात सक्तवसुली संचालनालयाने (ईडी) सांगितले, की बिटकॉइन काढण्याच्या यंत्रांत ५७,००० रुपये गुंतवा, तीन महिने रोज ४,००० रुपये मिळतील, असे आमिष दाखवले होते. पैसे एकदाच दिले गेले. खऱ्या व्यवसायात कमाई रोज सारखी नसते.

फसवणूक झाल्यास लगेच १९३० वर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. व्यवहार क्रमांक, संदेश आणि बँक तपशील जपून ठेवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त.