गळालेलं पान काय सांगतं? लोंबत्या सक्युलंटचा थोडा इतिहास

हेडफोन लावलेत ना? मग एक करा. घरात कुठे लोंबती कुंडी असेल, म्हणजे मोत्यांच्या माळेसारखी, गाढवाच्या शेपटीसारखी किंवा बदामाच्या आकाराची पानं ओवल्यासारखी, तर ऐकता ऐकता तिच्यासमोर जाऊन उभे राहा. आजचा भाग तिच्याबद्दल आहे.

मला येणाऱ्या फोटोंमध्ये तीनच तक्रारी असतात. पानं गळतायत. पानं सुरकुतली. पानं पिवळी पडून लिबलिबीत झाली. आणि प्रश्न एकच: पाणी किती घालू? इतिहासाच्या पॉडकास्टवर हे कशाला, असं वाटेल. पण माझं म्हणणं असं की या प्रश्नाचं उत्तर कॅलेंडरवर नाही, झाडाच्या गावी आहे. झाड कुठून आलं, कुणाला कसं सापडलं, तिथे ते कशावर वाढत होतं, हे कळलं की पानाची तक्रार वाचता येते.

सुरुवात आपल्याच देशातून करू.

सकाळी आंबट, दुपारी बेचव

साल १८१३. बेंजामिन हेन नावाचा जर्मन वनस्पतिअभ्यासक दक्षिण भारतात ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता. त्याने लंडनच्या लिनियन सोसायटीतल्या लॅम्बर्टला एक पत्र लिहिलं. विषय काय, तर एका झाडाच्या पानाची चव. ते झाड म्हणजे आपली पानफुटी. हो, तीच, शाळेत वहीत ठेवून जिच्या पानाच्या कडेला रोपं फुटताना बघितली होती ती.

हेनच्या लक्षात आलं होतं की हे पान भल्या सकाळी चुक्याच्या भाजीइतकं आंबट लागतं. ऊन चढेल तसा आंबटपणा उतरतो, दुपारी पान बेचव होतं आणि संध्याकाळकडे कडवट. तेच झाड, तेच पान, आणि एका दिवसात तीन चवी!

(इथे थांबून सांगतो: तुम्ही चव बघू नका. पानफुटी काय किंवा मोत्यांची माळ काय, यांच्या पानांत विषारी द्रव्यं असतात. घरात रांगतं बाळ किंवा मांजर असेल तर कुंडी उंचच टांगा.)

त्याच्या आधी, १८०४ मध्ये, जिनिव्हाच्या द सोस्यूरने निवडुंगावर प्रयोग करून नोंदवलं होतं की हे झाड रात्रीसुद्धा हवेतला वायू आत घेतं. या दोन नोंदींचा नीट मेळ बसायला विसावं शतक उजाडावं लागलं. गोष्ट अशी आहे: बहुतेक झाडं पानांवरची बारीक छिद्रं दिवसा उघडतात, त्यातून कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि पाणी वाफ होऊन बाहेर जातं. कोरड्या मुलखातल्या झाडाला ही चैन परवडत नाही. म्हणून ते दिवसभर दारं लावून बसतं आणि रात्री गारव्यात उघडतं. रात्री घेतलेला वायू ते आम्लाच्या रूपात पानात साठवतं. हे मॅलिक आम्ल, सफरचंदाला आंबटपणा देणारं. सकाळी पान आंबट लागतं ते त्यामुळे. दिवसा दारं बंद ठेवून ते हाच साठा वापरतं, म्हणून दुपारपर्यंत आंबटपणा संपतो.

आता आपल्या कुंडीकडे या. जे झाड पाण्याचा थेंब वाचवायला रात्रपाळी करतं, त्याला आपण रोज सकाळी चहाबरोबर कपभर पाणी घालतो. पान म्हणजे त्याची टाकी आहे आणि ती आधीच भरलेली असते. जास्तीचं पाणी मातीत साचतं, मुळांना हवा मिळत नाही, मुळं कुजतात. मग खालची पानं पिवळी, अर्धपारदर्शक आणि लिबलिबीत होऊन गळायला लागतात. तुमच्या तिसऱ्या तक्रारीची ही सगळी हकीकत.

गाढवाची शेपटी: गळणं हाच जिचा धंदा

आता मेक्सिकोला जाऊ. १९३५ साली एरिक वॉल्थर हा सॅन फ्रान्सिस्कोचा वनस्पतितज्ज्ञ वेराक्रूझ राज्यातल्या कोआतेपेक गावात पोचला. तिथल्या एका नर्सरीत त्याला लांब वेणीसारखं लोंबणारं झाड दिसलं. टपोरी पानं एकावर एक रचलेली आणि त्यांवर द्राक्षांवर असते तशी पांढरट पूड. शास्त्राला हे झाड तोवर माहीतच नव्हतं. १९३८ मध्ये त्याने त्याला सेडम मॉर्गेनियानम असं नाव दिलं, कॅलिफोर्नियातल्या डॉ. मेरेडिथ मॉर्गन यांच्या नावावरून. त्यांच्याकडे हे झाड पहिल्यांदा फुललं होतं.

गंमत बघा, झाड सापडलं ते नर्सरीत. रानात ते कुठे वाढतं, हे पुढे कित्येक दशकं शास्त्रज्ञांना ठाऊक नव्हतं. वेराक्रूझमधल्या दऱ्यांच्या उभ्या कड्यांवर ते असल्याची नोंद खूप उशिरा झाली. तोवर हे झाड जगभर पसरलं ते फक्त माणसांनी एकमेकांना दिलेल्या फांद्यांमुळे. आणि पानांमुळे.

कारण या झाडाचं पान नुसता धक्का लागला तरी गळतं. पडदा घासला, मांजर गेलं, कुंडी उतरवली, की टपटप. पण गळालेलं पान कोरड्या मातीवर पडू द्या, काही आठवड्यांत त्याच्या देठाकडून बारीक मूळ आणि इवलं रोप निघतं. कड्यावर राहणाऱ्या झाडाला हे सोयीचंच आहे. पान खालच्या कपारीत पडलं की तिथे नवं झाड.

म्हणजे "पानं गळतायत" ही तक्रार आली की मी आधी विचारतो, गळालेलं पान कसं आहे? घट्ट, टपोरं, हिरवं असेल तर तो रोग नाही, धक्का आहे. कुंडी येण्याजाण्याच्या वाटेतून हलवा आणि पडलेली पानं केरात न टाकता एका बशीत कोरड्या मातीवर पसरून ठेवा. पान पिवळं, मऊ आणि दाबल्यावर पाणी सोडणारं असेल तर मात्र पाणी जास्त झालंय. आणि पानं गळत नाहीत, पण दोन पानांमधलं अंतर वाढून वेणी विरळ दिसतेय? मग उजेड कमी पडतोय. खिडकीजवळ न्या, पण एकदम दुपारच्या उन्हात नको. उन्हाने पडलेले तपकिरी डाग त्या पानावरून परत जात नाहीत.

मोत्यांची माळ: नाव एकाचं, गाव दुसरीकडे

इन्स्टावर सगळ्यात जास्त दिसणारी ही. मूळ गाव दक्षिण आफ्रिकेचा ईस्टर्न केप भाग. जर्मनीतल्या हर्मान याकोबसेनने १९६८ साली तिला सेनेसिओ रोलेयानस हे नाव दिलं, गॉर्डन रोली या ब्रिटिश सक्युलंटतज्ज्ञाच्या सन्मानार्थ. पुढे १९९७ मध्ये तिचं कूळ बदलून क्युरिओ झालं, म्हणून नर्सरीच्या पाट्यांवर दोन्ही नावं दिसतात. झाड तेच.

रील बघून आपल्याला वाटतं की ही टांगण्यासाठीच जन्मली. गावी ती टांगलेली नसते. झुडपांच्या आणि दगडांच्या सावलीत ती जमिनीवर चटईसारखी पसरते, आणि देठ जिथे मातीला टेकेल तिथे मूळ धरते. मुळं अगदी वरवर असतात. पान मण्यासारखं गोल असतं, कारण गोल आकारात सगळ्यात कमी पृष्ठभागात सगळ्यात जास्त पाणी मावतं. पण गोल पानाला उजेड कमी मिळणार, त्याचं काय? त्यासाठी प्रत्येक मोत्यावर एक अर्धपारदर्शक रेघ असते. ती खिडकी आहे. तिच्यातून उजेड पानाच्या पोटात शिरतो. तुमच्या कुंडीतला एक मोती उजेडाला धरून बघा, दिसेल.

ही खिडकी निदानालाही कामाची. पाणी भरपूर असलं की मोती टपोरा आणि रेघ रुंद. तहान लागली की मोती आक्रसतो, रेघ बारीक होते.

आता खरी गोम. मुळं कुजली तरीही मोती सुरकुततातच, कारण कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणजे तहानेने मरणारं आणि बुडून मरणारं झाड वरून सारखंच दिसतं! इथेच बहुतेक झाडं जातात. सुरकुती दिसली की माणूस पाणी घालतो, आणि कुजणाऱ्या मुळांवर आणखी पाणी पडतं. म्हणून पान सुरकुतलेलं दिसलं की आधी मातीत एक लांब काडी खुपसा. काडी कोरडी आली तर तहान आहे, कुंडी बशीतल्या पाण्यात अर्धा तास ठेवा. काडी ओली आली तर पाणी बंद. कुंडी उपटून मुळं बघा, काळी आणि मऊ असतील तर ती वाचवायच्या भानगडीत पडू नका. वरचे निरोगी देठ कापा, दोन दिवस सावलीत सुकू द्या आणि नव्या मातीवर आडवे गुंडाळून ठेवा. गावी ती अशीच वाढते.

दोन गोष्टी आणखी. नर्सरीतून येणारी कुंडी बरेचदा नुसत्या कोकोपीटने भरलेली असते. ते पाणी फार दिवस धरून ठेवतं, आणि आपल्या पावसाळ्याच्या दमट हवेत तर वाळतच नाही. निम्मी जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे मिसळा, आणि कुंडी पसरट, उथळ घ्या. दुसरं, वरून टक्कल पडून नुसत्या माळा खाली लोंबत असतील तर कुंडीच्या माथ्यावर उजेड पोचत नाहीये. एक-दोन माळा उचलून वर मातीवर गोल फिरवून ठेवा. आणि देठाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काही दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. कापसाचा बोळा सर्जिकल स्पिरिटमध्ये भिजवून पुसून काढा, आठवड्याने पुन्हा बघा.

बदामांची माळ आणि आपला सह्याद्री

शेवटची वेल माझी सगळ्यात लाडकी. पत्त्यातल्या बदामासारखी पानं, त्यांवर चंदेरी नक्षी. १८८१ साली जॉन मेडली वूडला ती दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ भागात ग्रूनबर्ग डोंगरावर खडकांवरून लोंबताना सापडली. हाच वूड पुढे डर्बनच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख झाला. १८९४ मध्ये तिला नाव मिळालं सेरोपेजिया वूडी.

या नावातला "वूडी" आफ्रिकेतला, पण "सेरोपेजिया" आपल्या बाजूचा आहे. लिनियसने १७५३ मध्ये हे कूळ नोंदवलं ते मलबारच्या एका वेलीवरून. तिचं चित्र "होर्टुस मलबारिकुस" या १२ खंडांच्या ग्रंथात होतं, जो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. याच ग्रंथाच्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोंकणी वैद्यांचं नागरी लिपीतलं निवेदन छापलेलं आहे.

आणि या कुळाचे नातेवाईक आपल्या गडांवर राहतात. कंदीलपुष्प, खरपुडी ऐकलंय? पावसाळ्यात कंदिलासारखं फूल येतं, आणि इतर वेळी जमिनीखाली कंद झोपून असतो. बदामांच्या माळेच्या देठावर जे छोटे मणी येतात ना, ते हेच, पाण्याचे आणि अन्नाचे कंद. म्हणून तिला तुम्ही दोन आठवडे विसरलात तरी चालतं, रोज आठवण काढलीत तर ती कुजते. पान दोन बोटांत हलकंच वाकवा. कागदासारखं सहज दुमडलं तर पाणी द्या, ताठ राहिलं तर थांबा. पानं फिकट आणि दूर दूर आली तर उजेड वाढवा. वाळलेल्या माळेवरचा मणी फेकू नका, मातीवर अर्धा दाबून ठेवा, त्यातून पुन्हा वेल फुटते.

सह्याद्रीतल्या काही कंदीलपुष्पांचं मात्र जगात दुसरं घर नाही, आणि त्यांतली बरीच धोक्यात आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. आर. यादव आणि सहकाऱ्यांनी ती वाढवून जपण्याचं काम केलंय. तिकडे दक्षिण आफ्रिकेत गेल्या काही वर्षांत रानातली सक्युलंट्स उपटून परदेशी विकायचा काळा धंदा फोफावलाय, जप्त झालेल्या झाडांचा आकडा लाखांत आहे. हौस आपल्यासारख्यांची, आणि रिकामा होतो तो कुठला तरी डोंगर.

म्हणून मला गाढवाच्या शेपटीची गोष्ट मोठी वाटते. रानातलं घर माहीत नसताना एक झाड माणसांनी फांद्या वाटून जगभर पोचवलं. ट्रेकला गेलात आणि कंदीलपुष्प दिसलं तर फोटो काढा, लोकेशन टाकू नका, कंद तर अजिबात उकरू नका. आणि घरची माळ पुढच्या छाटणीला एखाद्या दोस्ताला द्या, सोबत ही काडीची युक्ती सांगा.

आणि हो, कुंडीसमोर उभेच असाल तर पाण्याचा मग खाली ठेवा. आधी मातीत काडी घाला. कुणाची काडी ओली निघाली ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात!