जादूटोणाविरोधी कायदा : अपराध व शिक्षा

राज्य विधिमंडळाने अपराधाची व्याख्या, त्याचा वर्ग व शिक्षा स्वतः ठरविल्याचे महाराष्ट्रातील एक महत्त्वाचे उदाहरण. पशुबळी, व्यसने व अंधश्रद्धा यांविरुद्ध गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) कीर्तनांतून लोकजागृती केली, २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ (जि. अमरावती) पेढी नदीच्या काठी त्यांचे देहावसान झाले. प्रबोधनास दंडशक्तीची जोड मिळण्यास मात्र पुढे अर्धशतकाहून अधिक काळ लागला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली. त्यानंतर चारच दिवसांनी अध्यादेश निघाला व डिसेंबरमध्ये विधिमंडळाने अधिनियम संमत केला.

अनुसूचीतील कृत्यांस सहा महिने ते सात वर्षे कारावास आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंड विहित आहे. हे अपराध दखलपात्र आहेत, म्हणजे त्यांत पोलिसांना अधिपत्राविना अटक करता येते. ते अजामीनपात्रही असल्याने जामीन देणे न्यायालयाच्या विवेकाधीन असते. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यास तीन वर्षांपर्यंतच कारावास देता येतो. त्याहून कठोर शिक्षा योग्य वाटल्यास तो प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवितो.

नरबळीसाठी केलेली हत्या हा खूनच ठरतो. त्यासाठी मृत्युदंड वा जन्मठेप भारतीय दंड संहितेत होती. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ती कायम आहे. कीर्तन, भजन, यात्रा व प्रदक्षिणा यांस अधिनियमाने वगळले आहे. त्यामुळे श्रद्धा नव्हे, तर तिच्या आडून होणारा छळ व फसवणूक दंडनीय ठरते.