देवनळ: काढा आणि सुई

आहुपे घाटाच्या माथ्यावर, भीमाशंकरच्या रानाकडे, थंडी सरू लागली की पुरुषभर उंचीच्या दांड्यावर पांढऱ्या फुलांचा तुरा उभा राहतो. हा देवनळ. पान तंबाखूसारखं म्हणून रानतंबाखू, दांडा आतून पोकळ म्हणून नळ. त्याच्या कुळात सापडणाऱ्या लोबेलीनने एके काळी थांबू पाहणारे श्वास चालू केले. तेव्हा ‘आमच्या डोंगरातलं औषध साहेबाने नेलं’ असं म्हणायचा मोह होतो. कागद काय म्हणतात?

झाडाचं शास्त्रीय नाव, लोबेलिया निकोशियानिफोलिया, १८१९ चं. डिमॉक, वॉर्डन आणि हूपर यांच्या ‘फार्माकोग्राफिया इंडिका’त (१८९०–९३) त्याची दखल आहे. यांतले डिमॉक मुंबई सरकारचं औषधभांडार सांभाळत. वाळका पाला हाताळला की त्याची धूळ तंबाखूसारखी नाकाघशाला झोंबते, असं त्यांनी लिहून ठेवलं. पाला स्वतः चुरडून पाहिल्याशिवाय असं वाक्य उतरत नाही. पानांचा काढा लोक पेटके सैल व्हावेत म्हणून घेत, ही नोंदही त्याच काळातली.

१८८६ मध्ये दोर्पातला, म्हणजे आजच्या एस्टोनियातल्या तार्तूला, फोन रोझेन यांनी याच भारतीय जातीवर प्रबंध लिहिला. तिच्यात लोबेलीनच्या जातीची अल्कलॉइडं आढळली.

पुढचा कागद मात्र दुसऱ्या झाडाचा. १९२१ मध्ये जर्मनीत हाइनरिख वीलांड यांनी स्फटिकरूप लोबेलीन वेगळं केलं, ते अमेरिकेतल्या लोबेलिया इन्फ्लाटापासून. त्याच्या रेणूत कार्बनचे २२, हायड्रोजनचे २७, ऑक्सिजनचे २ आणि नायट्रोजनचा १ अणू. वितळणबिंदू सुमारे १३० अंश सेल्सिअस. नुसतं ते पाण्यात जेमतेम विरघळतं. हायड्रोक्लोराइड केलं की सुईतून देता येतं. जन्मताच गुदमरलेल्या बाळांना ही सुई देत. मानेतल्या धमनीला लागून असलेला कॅरोटिड पिंड तिने चेततो आणि मेंदूतल्या श्वसनकेंद्राला निरोप पोचतो. या पिंडाचं काम उलगडणाऱ्या कॉर्नेय हेमान्स यांना १९३८ चं नोबेल मिळालं. पण सुईचा असर थोडा वेळ, मळमळ-उलटीचा त्रास, आणि मात्रा फार चढली तर श्वासच बंद. कृत्रिम श्वासाची साधनं सुधारली तशी ती मागे पडली.

हिशेब मांडला तर काढा पेटक्यांवरचा, सुई श्वासासाठीची. सह्याद्रीतल्या झाडाचा माग दोर्पातपर्यंत लागतो. वीलांडच्या बाटलीत अमेरिकन पाला होता. अभिमान धरायचा तर दोर्पातपर्यंतच धरावा.