सातवे बाळंतपण सोपे असते का?

पहिलटकरणीची घरात फार काळजी घेतली जाते. तिला माहेरी आणतात, वेळेवर दवाखान्यात नाव घालतात. पण पूर्वी तीच बाई सातव्या खेपेला आली की वडीलधारी मंडळी निर्धास्त असत. ‘तिला सवय आहे, सुटेल चटकन,’ असे म्हणत. हा समज केवळ आपल्याकडचा नव्हता. युरोपातील अनेक डॉक्टरांनाही तसेच वाटे.

त्याला जोरदार धक्का दिला तो डब्लिनच्या बेथेल सॉलोमन्स यांनी. रोटुंडा या १७४५ साली स्थापन झालेल्या प्रसूती रुग्णालयाचे ते १९२६ ते १९३३ या काळात प्रमुख होते. शहरात गरिबी मोठी आणि कुटुंबेही मोठी. आठ-दहा मुलांची आई ही तेथे नेहमीची रुग्ण. १९३४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी लेख लिहिला. त्याच्या शीर्षकाचा अर्थ होता ‘धोकादायक बहुप्रसवा’. पाचव्या बाळंतपणापासून पुढे मातामृत्यूचे प्रमाण चढत जाते, हे त्यांनी दाखवले. पहिल्या बाळंतपणात धोका असतोच. दुसरे-तिसरे त्या मानाने सुरक्षित. पुढे मात्र आलेख पुन्हा वर वळतो.

असे का व्हावे? दिवस भरताना गर्भाशयाकडे मिनिटाला सुमारे अर्धा लिटर रक्त वाहत असते. वार सुटली की तेथील रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. गर्भाशयाचे स्नायुतंतू एकमेकांत जाळीसारखे गुंफलेले असतात. ते आवळले की मधल्या रक्तवाहिन्या चिमटल्या जातात आणि रक्त थांबते. गर्भाशय सैल राहिले तर काही मिनिटांत जीव धोक्यात येतो. पोटाचे स्नायू सैलावल्याने मूल आडवे राहू शकते. अशा अडलेल्या बाळंतपणात जोरदार कळांनी गर्भाशय फाटण्याचीही भीती असते. शिवाय प्रत्येक गरोदरपणात आईला सुमारे एक ग्रॅम लोह लागते. ही तूट भरून निघण्याआधीच पुन्हा दिवस गेले तर रक्तक्षय वाढतो, आणि मग थोडा रक्तस्रावही झेपत नाही.

धोका कळला, पण तो टाळण्याचे साधन बाईच्या हाती आले नाही. लेखानंतर एका वर्षातच, १९३५ साली, आयर्लंडने संततिनियमनाच्या साधनांच्या विक्रीवर आणि विक्रीसाठी होणाऱ्या आयातीवर कायद्याने बंदी घातली. १९७९ च्या कायद्याने ती सैल केली, तीही डॉक्टरांच्या चिठ्ठीपुरती! योगायोग असा की १९३५ सालीच लंडनमध्ये डडली आणि मॉयर यांनी राय या धान्यावरील बुरशीतून अर्गोमेट्रिन हे गर्भाशय आवळणारे औषध वेगळे केल्याचे जाहीर केले. पुढे जंतुसंसर्गावर सल्फा औषधे आली, रक्तपेढ्या आल्या आणि मातामृत्यू झपाट्याने घटले.

सॉलोमन्स यांच्या निष्कर्षात एक गुंता होता. बहुप्रसवा स्त्री बहुधा वयानेही मोठी आणि गरीब असे. मग दोष कशाचा? बाळंतपणांच्या संख्येचा, वयाचा की उपासमारीचा? उत्तम सेवा असलेल्या देशांतील नंतरच्या काही अभ्यासांत हा धोका बराच कमी आढळला. म्हणजे संख्या महत्त्वाची खरी; पण तिच्यामुळे मरण ओढवते की नाही, हे आहार, रक्त आणि वेळेवरचे उपचार यांवर फार अवलंबून असते.

आपल्या देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार दर स्त्रीमागे सरासरी २ मुले होतात. परंतु त्याच पाहणीत सुमारे ५२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. खेपा कमी झाल्या, लोहाची तूट मात्र उरली आहे.

वर्गात मुलांना सांगून पाहावे: आजीला विचारा, तिच्या आईला किती मुले झाली आणि त्यांतली किती जगली. फळ्यावर आकडे मांडले की हा इतिहास डब्लिनइतका दूर राहणार नाही.