केबलची गोष्ट

या मालिकेत आपण लढाया, किल्ले, पलटणी यांवर बरंच बोललो. आजचा विषय ऐकून काही जण हसतील : टॅबलेट संगणकाला जोडून त्याचं सॉफ्टवेअर अपडेट करणं. पण यालाही इतिहास आहे, आणि तो मी माझ्याच एका चुकीमुळे वाचायला घेतला.

माझ्या टॅबलेटवर आमच्या पलटणीतल्या सहा जुन्या जवानांच्या मुलाखती होत्या. सगळे १९७१ ची लढाई लढलेले. त्यांतले दोघं आज हयात नाहीत. एका संध्याकाळी मी संगणकाला केबल लावली, बॅकअप न घेता अपडेट सुरू केलं आणि चहाला उठलो. उठताना पायात केबल अडकली. परत येऊन बघतो तर पडद्यावर फक्त केबलचं चित्र. बाकी सगळं गायब.

ते चित्र कुठून आलं, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल.

यंत्राच्या आतल्या सूचना बदलता येणं ही तशी अलीकडची सोय. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानाच्या संगणकात कायमच्या सूचना अक्षरशः विणलेल्या होत्या. बारीक तार चुंबकीय कड्यांमधून ओवली की एक आकडा, कड्याबाहेरून नेली की दुसरा. हे विणकाम कारखान्यातल्या स्त्री कामगार करत. एकदा विणलं की बदल नाही. १९७१ मध्ये इंटेल कंपनीच्या डॉव्ह फ्रोमन यांनी अशी चिप आणली, जिच्यावरच्या सूचना अतिनील प्रकाशात पुसून नव्याने लिहिता येत. पुढे १९८४ मध्ये तोशिबाचे फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश मेमरी जगापुढे मांडली. विजेनेच पुसायचं, विजेनेच लिहायचं. आज तुमच्या हातातला टॅबलेट याच फ्लॅश मेमरीवर चालतो.

२७ जानेवारी २०१० रोजी स्टीव्ह जॉब्स यांनी आयपॅड दाखवला. नवा आयपॅड चालू केला की पहिल्याच पडद्यावर केबलचं चित्र यायचं. अर्थ असा की आधी संगणकाला जोडा, आयट्यून्स उघडा, मगच मी कामाला लागेन. अपडेटही तसंच. संगणक शेकडो मेगाबाइटची फाइल उतरवून घेणार, बॅकअप घेणार, मग केबलवाटे नवी प्रणाली आत लिहिणार. आणि प्रत्येक वेळी कंपनीच्या सर्व्हरकडून मंजुरी घेणार. आपल्याकडे गेटवर संतरी परवलीचा शब्द विचारतो ना, तसंच. १२ ऑक्टोबर २०११ ला आयओएस ५ आलं. जगभरातल्या लोकांनी एकदमच केबली जोडल्या, आणि मंजुरी देणाऱ्या सर्व्हरवर इतका ताण आला की अनेकांच्या पडद्यावर ‘३२००’ या क्रमांकाची चूक झळकली.

गंमत अशी की याच आयओएस ५ मुळे केबलची सक्ती संपली. पुढचं अपडेट, ५.०.१, त्याच नोव्हेंबरमध्ये थेट वाय-फायवरून मिळालं, आणि तेही फक्त बदललेला भाग. २०१९ मध्ये मॅकवरचं आयट्यून्सही गेलं आणि ते काम फाइंडरकडे आलं.

मग केबल संपली का? नाही. वाय-फायवरून अपडेट घ्यायला टॅबलेट आधी नीट चालू व्हावा लागतो. तो अर्ध्यावर अडकला तर बरेचदा बाहेरून मदत करणारा संगणक लागतो. रोजच्या वाटेवरून केबल हटली, पण राखीव तुकडी म्हणून ती आजही उभी आहे.

माझ्या बाबतीत तेच झालं. बंगळुरूला लेकीला फोन लावला. ती म्हणाली, “बाबा, संगणक दोन पर्याय विचारेल. रिस्टोअर अजिबात दाबू नका, सगळं पुसलं जाईल. अपडेट दाबा.” पहिल्या खेपेला फाइल उतरायला पंधरा मिनिटांहून जास्त लागली आणि टॅबलेट त्या अवस्थेतून बाहेर पडला. सगळं पुन्हा केलं. दुसऱ्या खेपेला पांढरी पट्टी पुढे सरकली, पडदा उजळला. मी सगळ्यात आधी आमच्या दिवंगत सुभेदार साहेबांची मुलाखत लावली. “साहेब, रेकॉर्डिंग चालू आहे ना?” हे त्यांचं पहिलंच वाक्य कानावर पडलं, आणि पुढे काही वेळ मला बोलता आलं नाही.

तीस वर्षं मी जवानांना सांगत आलो की राखीव ठेवल्याशिवाय पुढे सरकू नका. घरात मात्र मीच विसरलो. आता त्या मुलाखती तीन ठिकाणी आहेत : टॅबलेटवर, संगणकावर आणि लेकीकडच्या हार्ड डिस्कवर.

तुमच्याही घरात कुणाचा तरी आवाज असाच एखाद्या टॅबलेटमध्ये असेल. अपडेट उद्या करा. त्याची प्रत मात्र आजच काढून ठेवा.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.