महाराजांचा रीडर आणि कानातले यंत्र

पावसाळा सरला की आमच्या मुरगाव बंदरात क्रूझ जहाजे लागू लागतात. जहाज सकाळी येते, संध्याकाळी सुटते. उतरलेल्या मंडळींना तेवढ्या वेळात अख्खा गोवा पाहायचा असतो, म्हणून बसगाड्या त्यांना थेट जुन्या गोव्यात आणून सोडतात. पूर्वी गाइड नंबराची पाटी उंच धरून ओरडत पुढे चाले. हल्ली काही गटांच्या गळ्यात लहानशी डबी आणि कानात तिची तार दिसते. गाइड तोंडाजवळच्या माइकात पुटपुटतो आणि चाळीस-पन्नास माणसे एकदम डावीकडे माना वळवतात. बासिलिकेच्या दारात उभ्या असलेल्या आपल्याला मात्र एक अक्षर ऐकू येत नाही. सेंट फ्रान्सिस झेवियरच्या पायाच्या बोटाची गोष्ट आली की तेवढे चेहऱ्यांवरून ओळखता येते!

सोय म्हणून हे यंत्र चांगलेच आहे. गाइडच्या हाती प्रक्षेपक, प्रवाशांच्या गळ्यात ग्राहक, म्हणजे एका परीने खिशातले रेडिओ केंद्रच. मागे रेंगाळलेल्या म्हाताऱ्या माणसालाही पुढच्याइतकेच स्पष्ट ऐकू येते आणि प्रार्थनास्थळात गलका होत नाही. दुसरा प्रकार आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या निवेदनाचा. तिथे गाइड नसतोच. खोलीत जायचे, आकडा दाबायचा, ऐकायचे.

ह्या दुसऱ्या प्रकाराचा इतिहास मोठा मजेदार आहे. १९५२ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात लघुलहरी रेडिओवरून असे निवेदन ऐकवले गेले आणि जगातले ते पहिले मानतात. दालनात एकच ध्वनिमुद्रण सुरू असे. ज्याच्या कानाला यंत्र, त्याला तेच वाक्य त्याच क्षणी ऐकू येई, म्हणून सगळ्यांनी एकाच चालीने पुढे सरकायचे. प्रदर्शनाचा विषय होता, व्हर्मीरची चित्रे खरी की बनावट! पुढे १९५७ मध्ये अमेरिकेत अकूस्टीगाइड नावाची कंपनी निघाली. तिने राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या हाइड पार्क येथील घराचे निवेदन त्यांच्या पत्नी एलिनॉर यांच्याच आवाजात मुद्रित केले. घरची बाई स्वतः घर दाखवते आहे, याहून चांगला वाटाड्या कुठला मिळणार?

हे सगळे आठवायचे कारण बडोदे. (शहराचे सरकारी नाव १९७४ पासून वडोदरा झाले, पण आम्हा मराठी माणसांच्या तोंडी बडोदेच बसले आहे.) लक्ष्मीविलास राजवाड्यात गायकवाड कुटुंब अजून राहते आणि ठरावीक भाग लोकांना पाहता येतो. आम्ही गेलो तेव्हा तिकिटाबरोबर कानाला लावायचे यंत्र मिळाले. मी हिंदी निवेदन निवडले. दहा मिनिटांत माझी आणि सौ.ची चुकामूक झाली. एका वाड्यात असूनही ती दरबार हॉलच्या व्हेनिशियन फरशीवर होती आणि मी शस्त्रागारात. रंगीत काचांच्या खिडक्यांपाशी पंचवीसेक माणसे उभी होती आणि कुणी कुणाशी बोलत नव्हते. घरात एवढी माणसे असून अशी शांतता मी फक्त परीक्षेच्या हॉलमध्ये पाहिली आहे.

ह्या वाड्याविषयी दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. एक त्याच्या वास्तुविशारदाची. मेजर चार्ल्स मँट यांनी आराखडा केला. मग आपल्या आकडेमोडीत चूक आहे, वाडा कोसळणार, ह्या धास्तीने त्यांनी म्हणे जीव दिला. वाडा सव्वाशेहून अधिक वर्षे उभा असल्यामुळे गोष्टीला आपोआप धार येते. पक्के आहे ते एवढेच की, मँट १८८१ साली चाळिशी नुकतीच ओलांडलेली असताना वारले आणि काम रॉबर्ट फेलोज चिझम यांनी पुढे नेले. वाडा १८९० मध्ये पुरा झाला.

दुसरी गोष्ट आकाराची. हा वाडा बकिंगहॅम पॅलेसच्या चौपट आहे, असे वर्तमानपत्रांत, पर्यटनाच्या पत्रकांत आणि गाइड मंडळींच्या तोंडी सर्रास आढळते. पुष्कळदा सोबत आकडेही असतात. लक्ष्मीविलास ३,०४,९२,००० चौरस फूट, बकिंगहॅम सुमारे ८,२८,००० चौरस फूट. फायलीवरची बेरीज-वजाबाकी तपासण्याची कारकुनी सवय सुट्टीतही सुटत नाही, म्हणून गणित मांडून पाहिले. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. राजवाड्याचे आवार ७०० एकरांचे सांगतात. गुणाकार करा, नेमके ३,०४,९२,००० येतात! म्हणजे हा आकडा वाड्याचा नाहीच. बागा, मैदाने, झाडी यांच्यासकट अख्ख्या जमिनीचा आहे, आणि त्याची तुलना बकिंगहॅमच्या खोल्यांच्या क्षेत्रफळाशी चालली आहे. बरे, भागाकार केला तर चौपटही येत नाही, जवळजवळ सदतीसपट येते. एकाने सांगितले, दुसऱ्याने छापले, तिसऱ्याने पाठ केले. मध्ये कुणी हात वर करून विचारले नाही की साहेब, चौरस फूट कशाचे?

बडोद्याच्या इतिहासात ह्या विचारण्यालाच मोठे स्थान आहे आणि त्याची सुरुवात एका ऐकणाऱ्यापासून होते. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळराव १८७५ साली बारा वर्षांचा असताना महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतला. शिक्षण नावालाही झालेले नव्हते. इलियटसाहेबांनी त्याला शिकवले, दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्यकारभाराचे धडे दिले आणि डिसेंबर १८८१ मध्ये सयाजीराव तिसरे म्हणून अधिकारसूत्रे त्याच्या हाती आली. वाचनाची गोडी लागली ती अशी की, ग्रंथ वाचून दाखवायला माणूस नेमला. ह्या पदाला ‘रीडर’ म्हणत. १८८९ मध्ये ह्या कामावर रत्नागिरीकडचा एक तरुण पदवीधर लागला, गोविंद सखाराम सरदेसाई.

पुढे आपण त्यांना रियासतकार म्हणून ओळखतो. महाराजांना ग्रंथ वाचून दाखवायचे, टिपणे काढायची, राजपुत्रांना शिकवायचे, प्रवासात बरोबर जायचे, अशी ती नोकरी. त्या वाचनातून आणि शिकवण्यासाठी काढलेल्या टिपणांतून १८९८ मध्ये मुसलमानी रियासत आणि १९०२ पासून मराठी रियासतीचे खंड बाहेर पडू लागले. मराठीतले एवढे मोठे इतिहासलेखन सुरू झाले ते एका माणसाने दुसऱ्याला मोठ्याने वाचून दाखवण्यातून, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. महाराजांच्या कानाशीही आवाज होताच की! पण तो आवाज थांबवता येत होता. ‘पुन्हा वाचा’, ‘हे कशावरून’ असे म्हणता येत होते, आणि वाचणाऱ्याला दुसऱ्या दिवशी उत्तर शोधून आणावे लागत असणार. यंत्रावर थांबवायचे आणि पुन्हा ऐकायचे बटण असते. ‘कशावरून’चे बटण अजून कुणी बसवलेले नाही.

स्वतःला मिळाले ते रयतेलाही मिळावे असे सयाजीरावांना वाटले, हा त्यांचा मोठेपणा. सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये राज्यभर सुरू झाले. १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना आणून ग्रंथालय खाते उभारले आणि पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. ज्यांना वाचताच येत नाही त्यांचे काय? त्यांच्यासाठी ह्याच खात्यात दृश्य शिक्षणाची शाखा होती. मॅजिक लँटर्नच्या काचा, चलच्चित्रे, स्टिरिओस्कोप, असे साहित्य. आपल्या कानातल्या यंत्राची थोरली बहीण म्हणजे हा स्टिरिओस्कोप. एका वेळी एकाच माणसाने डोळ्यांना लावायचा आणि दूरदेशीची इमारत खोल, भरीव दिसायची. लँटर्नचा खेळ मात्र सगळ्या गावासमोर व्हायचा. मुक्या चित्राला अर्थ सांगायला कुणीतरी पडद्याशेजारी उभे राहून बोलायचे, आणि अंधारात बसलेल्या शंभर माणसांतला कुणीही मध्येच विचारू शकायचा.

भाषेचा प्रश्नही ह्या राज्याने आपल्यापरीने सोडवला होता. यंत्रावर हिंदी की गुजराती, हे बटण दाबताना मला १९३१ साली निघालेला ‘श्री सयाजीशासनशब्दकल्पतरु’ आठवला. कारभारातल्या इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली प्रतिशब्द एका ओळीत मांडलेले. कचेरीत मसुदे खरडणाऱ्या कुणालाही तो हाताळताना हेवा वाटेल. मराठीचे तर बडोदे माहेरघरच. १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८, अशी चार साहित्य संमेलने तिथे झाली. १९३२ च्या कोल्हापूर संमेलनाचे अध्यक्षपद स्वतः महाराजांनी भूषवले.

असो. राजवाड्यातले यंत्र बाहेर पडताना परत द्यावे लागते, आणि माझ्या मते खरे बडोदे तिथून पुढे सुरू होते. शहरात दिवाण भाऊ तांबेकरांचा वाडा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरची लाकडी इमारत, वरच्या मजल्यांवरच्या भिंती चित्रांनी भरलेल्या. महाभारत, कृष्णलीला, इंग्रजांशी झालेली लढाई, मधूनच एखादी घरगुती बैठक. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात असल्याने निदान वाचला तरी. आमचे बोलणे ऐकून दार उघडणाऱ्या काकांनी विचारले, “मराठी का? मग सावकाश बघा, मी आहे.” सौ.ने एका चित्रापाशी विचारले, “काका, ह्या बाईच्या हातात काय आहे हो?” काकांनी डोळे बारीक करून पाहिले, आमच्याबरोबर उभ्या असलेल्या एका गुजराती मुलाला विचारले, त्याने मोबाइलचा उजेड टाकला, आणि पाच मिनिटे चौघांची चर्चा झाली. निकाल लागला नाही. पण ते चित्र मला अजून जसेच्या तसे आठवते, आणि राजवाड्यात ऐकलेली निम्मी नावे संध्याकाळपर्यंत विसरलो होतो.

कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे आहेत. गंगावतरण, मीराबाई, नटीर पूजा, अभिमन्यू. महाराजांच्या निमंत्रणावरून सुरू झालेले हे काम त्यांच्या १९३९ मधल्या निधनानंतरही अनेक वर्षे चालले. दरबारचे गवई उस्ताद फैयाज खाँ १९५० मध्ये ह्याच शहरात वारले. २००२ च्या दंगलीत त्यांच्या कबरीची नासधूस झाली. आणि कमाटीबाग, म्हणजेच सयाजीबाग. १९१३ साली बडोदे सरकारची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात गेलेले भीमराव आंबेडकर १९१७ मध्ये करारानुसार नोकरीसाठी परतले. जातीमुळे कुठे जागा मिळेना, म्हणून पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने तिथूनही काढले. मुंबईची गाडी सुटेपर्यंतचा वेळ त्यांनी ह्या बागेत बसून काढला. शिष्यवृत्ती देणारे महाराज आणि खोली न देणारे गाव, दोन्ही एकच. त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात.

अमेरिकेतल्या अल्काट्राझ तुरुंगाच्या ध्वनिमार्गदर्शनात १९८७ पासून तिथल्या जुन्या पहारेकऱ्यांचे आणि कैद्यांचे स्वतःचे आवाज वापरले गेले. दोघांच्या आठवणी जुळल्याच पाहिजेत असा आग्रह धरला नाही. बडोद्यात असे काही करायला जुनी मराठी, गुजराती, मुसलमान घरे अजून आहेत. वाडा दाखवणारे काका आहेत, खाँसाहेबांच्या आठवणी वडिलांकडून ऐकलेली माणसे सापडतील. पण ही पिढी काही आपल्यासाठी थांबणार नाही. खर्चाचे म्हणाल तर आज एका मोबाइलवर हे मुद्रण होते. स्टुडिओ लागत नाही.

परतीच्या गाडीत आम्ही दोघांनी अशा फेरीचा आराखडाच केला. पहिला थांबा कमाटीबाग, यावर एकमत झाले. बाबासाहेबांनी ती हकिगत इंग्रजीत स्वतः लिहून ठेवली आहे, तेव्हा मजकुराचा प्रश्न नव्हता. ती बडोद्यात मराठीत वाचावी की गुजरातीत, यावर मात्र सुरतेपर्यंत वाद झाला. माझे मत मराठीचे. सौ.चे म्हणणे, ज्यांच्या गावात घडले त्यांना त्यांच्याच भाषेत ऐकू दे. समोरच्या बाकावरचे गुजराती गृहस्थ बराच वेळ ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारले, “ही धर्मशाळा नेमकी कुठे होती?”